मन आणि हात

वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आपल्यापैकी कोणालाही ‘तुम्ही डॉक्टर नेमके कधी झालात?’ असे विचारले, तर तो पदवीदान समारंभाची तारीख क्वचितच सांगेल. तो एखाद्या वॉर्डाचे नाव सांगेल, एखाद्या खाटेचा क्रमांक सांगेल, मध्यरात्री इंजेक्शन देताना मागे उभ्या असलेल्या सिस्टरची आठवण काढील. पुस्तकातील ज्ञान आणि समोरचा माणूस यांची गाठ आपल्याकडे वॉर्डात पडते. चुकू पाहणारा हात धरायला तेथे कोणीतरी वडीलधारे उभे असते. आपल्या विद्यार्थी संघटना, स्नेहसंमेलने, वसतिगृहातील मैत्र हे सारे त्या वॉर्डाच्या आधाराने वाढले.

मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलाला वा मुलीला वॉर्ड नसतो. तीन वर्षांच्या अभ्यासात व्याख्यानाची खोली असते, ग्रंथालय असते आणि एक प्रयोगशाळा असते. त्या प्रयोगशाळेत आरशात पाहून चांदणी रेखाटण्याचा प्रयोग होतो, निरर्थक अक्षरगट पाठ करून स्मरणशक्ती मोजली जाते, म्युलर-लायरच्या दोन सारख्या रेषा लहानमोठ्या का भासतात हे तपासले जाते. हे सारे आवश्यकच आहे. पण ज्या दुःखी, गोंधळलेल्या, झोप हरवलेल्या माणसासाठी त्या विद्यार्थ्याने हा विषय निवडलेला असतो, तो माणूस या तीन वर्षांत त्याला अभ्यासक्रमात भेटत नाही. भेटतो तो बाहेर, वसतिगृहात, घरात, लग्नाच्या पंगतीत. ‘तू सायकॉलॉजी करतेस ना? मग माझ्या मनात काय चालले आहे ते सांग पाहू!’ असे म्हणून तो भेटतो, आणि त्या वेळी मागे कोणी सिस्टर उभी नसते.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. दांडिया बाजारात चाळीस वर्षे सर्वसाधारण वैद्यकी केलेला माणूस आहे. बडोद्यातील निरनिराळ्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी एक अभ्यासमंडळ सुरू केले, त्यांना बसायला जागा हवी होती, आणि माझ्या दवाखान्याची माडी दुपारी रिकामी असे. एवढ्या साध्या कारणाने माझा त्यांच्याशी संबंध आला. त्याला आता नऊ वर्षे झाली. या काळात अशा संघटना जगात कोठे आणि कशा उभ्या राहिल्या याविषयी जे वाचले आणि माडीवर जे पाहिले, त्यातून माझे एक मत बनले आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला जो वॉर्ड मिळत नाही, त्याची उणीव काही अंशी भरून काढणारी जागा म्हणजे त्याची विद्यार्थी संघटना. तिने ते काम नीट करावे यासाठी आपल्यासारख्या डॉक्टरांची तिला गरज आहे. स्मरणिकेच्या वाचकांपुढे हेच मांडावे म्हणून हा लेख.

दोन विद्यार्थी आणि दोन ग्रीक अक्षरे

या संघटनांतील सर्वांत जुन्या आणि मोठ्या संस्थेची कथा अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात सुरू होते. १९२७ साली तेथील फ्रेडरिक लुईस आणि एडविन न्यूमन या दोन विद्यार्थ्यांच्या मनात आले, की इतर शास्त्रांना विद्यार्थ्यांच्या राष्ट्रव्यापी संस्था आहेत, मग मानसशास्त्राला का नसावी? त्यांनी ठिकठिकाणच्या विद्यापीठांशी पत्रव्यवहार सुरू केला. १९२९ च्या सप्टेंबरात मानसशास्त्राची नववी आंतरराष्ट्रीय परिषद येल विद्यापीठात भरली. अमेरिकेत भरलेली ही पहिलीच परिषद. ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेले पावलोव्ह त्या परिषदेसाठी रशियातून आले होते. अशा महारथींच्या मेळ्यात विद्यार्थ्यांनी आपली वेगळी बैठक घेतली आणि ४ सप्टेंबर १९२९ रोजी घटनेवर सह्या करून संस्था स्थापली. आरंभी बावीस शाखा होत्या. न्यूमन पहिले अध्यक्ष झाले. पुढे ते हार्वर्डमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले.

संस्थेचे नाव प्रथम ‘सिग्मा पाय सिग्मा’ असे ठेवले गेले. थोड्याच दिवसांत असे आढळले, की पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते नाव आधीच घेतलेले आहे. तेव्हा दुसऱ्याच वर्षी ते बदलून ‘साय काय’ करण्यात आले. ग्रीक लिपीतील ही दोन अक्षरे आहेत. पहिले अक्षर ‘सायकी’ म्हणजे मन या शब्दाचे आणि दुसरे हात या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे. मन समृद्ध व्हावे आणि ते हातात हात घेऊन व्हावे, असा या नावाचा भाव सांगितला जातो. बदलावे लागलेले नाव मूळ नावापेक्षा अर्थपूर्ण ठरावे, असे भाग्य थोड्या संस्थांच्या वाट्याला येते.

आज या संस्थेच्या अकराशेहून अधिक शाखा आहेत आणि २००९ पासून ती अमेरिकेबाहेरही शाखा देणारी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणवते. एका महाविद्यालयाची एक शाखा, तिचे पदाधिकारी विद्यार्थी आणि मार्गदर्शक म्हणून विभागातील एक प्राध्यापक, अशी तिची रचना आहे. शाखेत व्याख्याने होतात, पदव्युत्तर प्रवेशाची माहिती वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गाला देतात, लहान संशोधनांना अनुदान मिळते. १९९६ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांचे संशोधन छापणारी तिची स्वतःची पत्रिका आहे. आपला निबंध अनोळखी परीक्षकाकडे जाणे, त्याने त्यात दहा दोष काढणे आणि ते दुरुस्त करून पुन्हा पाठवणे, हा अनुभव विसाव्या वर्षी मिळणे ही मोठी गोष्ट आहे. आपल्यापैकी अनेकांना तो एम.डी.च्या प्रबंधाच्या वेळी प्रथम मिळाला आणि पुष्कळांना मुळीच मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ही गुणवंतांची संस्था आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सभासद व्हायचे तर वर्गातील वरच्या पस्तीस टक्क्यांत असावे लागते. उत्तेजन म्हणून हे ठीक आहे; पण परीक्षेत चाळिसावा आलेला विद्यार्थी माणसाचे ऐकून घेण्यात पहिला असू शकतो, हे कोणत्याही रुग्णालयात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते.

युरोपातील निराळा मार्ग

युरोपातील विद्यार्थ्यांनी गुणांची अट घातली नाही. १९८७ साली लिस्बन येथे काही देशांच्या मानसशास्त्र-विद्यार्थी संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी एक महासंघ स्थापला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘एफ्सा’ म्हणतात. आज तीसहून अधिक देशांतील संघटना त्यात आहेत. तो चालवणारे सारे विद्यार्थीच असतात, तेही बिनपगारी. दर वर्षी निराळ्या देशात अधिवेशन भरते. व्याख्याने आणि कार्यशाळा होतात, आणि एका देशाचा विद्यार्थी दुसऱ्या देशाच्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामाला जाईल अशी व्यवस्थाही असते.

या महासंघाच्या दोन कामांकडे मी डॉक्टरमित्रांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिले काम शाळांतील. ‘माइंड द माइंड’ नावाच्या मोहिमेत मानसशास्त्राचे विद्यार्थी आधी स्वतः प्रशिक्षण घेतात आणि मग माध्यमिक शाळांत जाऊन मुलांसाठी कार्यशाळा घेतात. विषय एकच, मानसिक आजाराविषयीचा कलंक. ‘वेडा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, नैराश्य आणि आळस यांत फरक काय, मदत मागणे ही दुबळेपणाची खूण का नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांचा मुलगा सांगतो. यात मला जे विशेष आवडते ते या कामाचे माप. येथे विद्यार्थी कोणाचे निदान करीत नाही आणि कोणावर उपचार करीत नाही. त्याला जे येते आणि जे करण्याचा त्याला अधिकार आहे, तेवढेच तो करतो, आणि तेवढेही पुष्कळ असते.

दुसरे काम संशोधनाचे. महासंघाच्या आश्रयाने एक कनिष्ठ संशोधक कार्यक्रम सुरू झाला. त्यात निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांचे छोटे गट एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एकच प्रश्न घेऊन वर्षभर काम करतात. आपल्या भाषेत सांगायचे तर बहुकेंद्री अभ्यासच. या जाळ्यातून काय घडू शकते याचे एक उदाहरण देतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली असे मांडले, की माणसाला शंभर रुपये मिळाल्याच्या सुखापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख अधिक जड वाटते आणि त्यामुळे जोखमीचे निर्णय घेताना तो गणिताच्या वाटेने जात नाही. काहनेमन यांना २००२ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हे कार्य होते. परंतु हे सर्व देशांतील माणसांना लागू पडते का? १९ देशांत, १३ भाषांत, ४,०९८ लोकांना तेच प्रश्न पुन्हा विचारून याची पडताळणी झाली आणि २०२० साली ती एका अग्रगण्य संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाली. मूळ निष्कर्ष बव्हंशी टिकले. अशा पडताळणीसाठी प्रश्न त्या त्या भाषेत आणणारी, ते आपल्या लोकांपर्यंत पोहोचवणारी माणसे ठिकठिकाणी हवी असतात. त्यांत अशा विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. एकट्या विद्यापीठाच्या एकट्या विद्यार्थ्याला हे आयुष्यभर साधले नसते. ‘हातात हात’ याचा एक शास्त्रीय अर्थ असाही आहे.

आपल्या देशातील चित्र

आपल्याकडे मानसशास्त्र काही उशिरा आले नाही. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्या विभागाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत एक डॉक्टर होता, हे आपल्या मंडळातील सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. गिरींद्रशेखर बोस कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन वैद्यकी करीत होते. चालती वैद्यकी सांभाळून ते मानसशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले, एम.ए. झाले आणि १९२१ साली त्याच विषयात डी.एस्सी. झाले. त्यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेत महाविद्यालयांतील मानसशास्त्र-तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर एकाच सतरंजीवर बसले. डॉक्टर आणि मानसशास्त्राचे अभ्यासक यांनी एकत्र यावे ही कल्पना, म्हणजे, आपल्या देशात शंभर वर्षांची जुनी आहे. मध्यंतरी ती विस्मरणात गेली, इतकेच.

गरज किती आहे हे आकडे सांगतात. ‘निम्हान्स’ या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत आपला गुजरात होता आणि आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या बांधवांचा मध्य प्रदेशही होता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त होते, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. माझ्यासारख्या सामान्य डॉक्टरच्या बाकावर रोज सकाळी बसणाऱ्या दहा जणांत एक असा असतो, आणि तो पोटदुखीची तक्रार घेऊन आलेला असतो.

दुसऱ्या बाजूला मानसशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. त्यांतील बहुतेकांना पहिल्या वर्षी एक गोष्ट माहीत नसते. मानसशास्त्राची पदवी मिळाली म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याची व्याख्या केली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेतील क्लिनिकल सायकॉलॉजीची अर्हता, अथवा पदव्युत्तर पदवीनंतर प्रत्यक्ष रुग्णांसह देखरेखीखाली प्रशिक्षण असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, अशा अर्हतेवाचून ते नाव लावता येत नाही. त्या अभ्यासक्रमांच्या जागा मोजक्या असतात. त्यातच नियमही बदलत आहेत. २०२१ च्या नव्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, आणि त्याला अनुसरून २०२५ च्या शैक्षणिक सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरशिक्षणाने वा ऑनलाइन शिकवण्यास मनाई केली. ज्या घरात या विषयाचे कोणीच शिकलेले नाही, त्या घरातील मुलीला ही वाट कोण दाखवणार? महाविद्यालयाच्या फलकावर ती लिहिलेली नसते. माडीवरच्या मंडळाचे पहिले काम मी पाहिले ते हेच. प्रत्येक जूनमध्ये वरच्या वर्गातील मुले नव्यांना बसवून, कागदावर रेघा ओढून, ही वाट समजावून सांगतात. काहींचे चेहरे उतरतात. काही जण तेथेच ठरवतात, की आपण शाळेतील समुपदेशन किंवा उद्योगातील मानसशास्त्र घ्यावे. तीन वर्षे वाया गेल्यावर कळण्यापेक्षा जूनमध्ये कळलेले बरे.

तीनशे मुलांची चाचणी

मंडळाचा खरा कस लागला तो चार वर्षांपूर्वी. शहरातील एका शाळेने मंडळाला निरोप पाठवला, की दहावीच्या तीनशे मुलांची कल चाचणी आणि बुद्धिमापन तुम्ही करून द्या. बाहेरची माणसे फार पैसे मागतात, तुम्ही विद्यार्थी आहात, तुमचाही सराव होईल आणि आम्ही प्रमाणपत्र देऊ. शाळेचे मुख्याध्यापक माझे जुने रुग्ण, त्यामुळे निरोप माझ्यामार्फत आला. मुलांना अत्यानंद झाला. तीनशे मुले! प्रयोगशाळेत एकमेकांवरच चाचण्या करून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना अशी संधी कोठे मिळणार?

त्या शनिवारी माडीवर दोन तास वाद चालला. एका बाजूचे म्हणणे, की सेवा आहे, अनुभव आहे, शाळा स्वतः बोलावते आहे. दुसऱ्या बाजूला एम.ए.ची एक विद्यार्थिनी एकटीच होती. तिने शांतपणे चार प्रश्न विचारले. ही चाचणी कोणत्या मुलांवर प्रमाणित झाली आहे? आपल्यापाशी जी प्रत आहे ती विकत घेतलेली आहे की झेरॉक्स? चाचणीनंतर ज्या मुलाचा अंक कमी येईल, त्याच्या आईवडिलांशी कोण बोलणार आणि काय बोलणार? आणि ‘तुमचा मुलगा शास्त्रशाखेच्या लायक नाही’ असे आपल्या कागदाच्या आधारे कोणी ठरवले, तर त्या कागदावर सही कोणाची असेल?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. रक्ताचा नमुना घेण्याचे कौशल्य आणि अहवालावर सही करण्याचा अधिकार यांत केवढे अंतर आहे, हे शिकायला आम्हाला वर्षे लागली होती. ते अंतर या मुलीने दोन तासांत सर्वांच्या लक्षात आणून दिले होते.

मंडळाने शाळेला नम्रपणे नकार कळवला. त्याबरोबर एक प्रस्तावही ठेवला. चाचण्या अर्हताप्राप्त मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्याव्यात; ते येतील तेव्हा आम्ही त्यांच्या हाताखाली बैठकव्यवस्था, सूचना, वेळ पाहणे अशी कामे करू; आणि दरम्यान आम्ही मुलांसाठी परीक्षेची भीती आणि झोप या विषयांवर दोन तासांचे बोलणे ठेवू. मुख्याध्यापक रागावले. ‘विद्यार्थ्यांना फार शिंगे फुटली आहेत’ असे ते मला म्हणाले आणि सहा महिने शाळेने कोणालाच बोलावले नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी एका तज्ज्ञ बाईंना बोलावले, आणि मंडळातील आठ जण त्यांच्या हाताखाली काम करायला गेले. त्या आठांना एका दिवसात जे शिकायला मिळाले, ते तीनशे चाचण्या स्वतःहून उरकून मिळाले नसते.

त्या वादातून मंडळाचे तीन नियम लिहिले गेले आणि माडीच्या भिंतीवर लागले. कोणाचेही निदान करायचे नाही. कोणाचेही एकट्याने समुपदेशन करायचे नाही; ऐकायचे आणि योग्य माणसाकडे पोहोचवायचे. ऐकलेले गुप्त ठेवायचे, पण जिवाला धोका वाटला तर गुप्ततेपेक्षा जीव मोठा.

तिसऱ्या नियमाची परीक्षा लवकरच झाली. वसतिगृहातील एक मुलगी कित्येक रात्री जागी होती, वर्गात येईनाशी झाली होती, आणि तिचे बोलणे खोलीतल्या मैत्रिणीला भीतिदायक वाटू लागले होते. ती मैत्रीण मंडळातील. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ तिला घातलेली. तिने नियम आठवला, मैत्रिणीला एकटे सोडले नाही, तिला स्पष्ट सांगितले की हे मी आता मोठ्यांना सांगणार आहे, आणि रेक्टरबाईंना उठवले. सकाळपर्यंत आईवडील आले, दुपारी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. उपचार घेऊन ती मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली.

आपल्या दृष्टीने गोष्ट येथे संपते. माडीवर ती संपली नाही. मदत करणारी मुलगी नंतरचे तीन शनिवार आली आणि काही न बोलता बसून राहिली. आपण शपथ मोडली, या विचाराने तिची झोप गेली होती. चौथ्या शनिवारी ती बोलली आणि मंडळाने तिचे ऐकून घेतले. दुसऱ्याचे दुःख वाहणाऱ्यालाही खांदा लागतो. आपल्या पिढीतील डॉक्टरांना हे कोणी शिकवले नाही आणि त्याची किंमत आपल्यातील काहींनी मोजली आहे. ही मुले ते विसाव्या वर्षी शिकत आहेत, याचा मला हेवा वाटतो आणि आनंदही.

आपण काय करू शकतो

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. विद्यार्थी संघटना आहे म्हणून संस्थेने समुपदेशकाची जागा रिकामी ठेवावी, असे होता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात, शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असा निर्देश दिला आहे. आपल्यातील अनेक जण शाळा-महाविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. पुढच्या सभेत हा प्रश्न त्यांनी विचारावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती मानसोपचारतज्ज्ञ मित्रांना. रुग्णाची संमती घेऊन, त्याची ओळख राखून, महिन्यातून एखादा दिवस दोन विद्यार्थ्यांना आपल्याजवळ बसू द्या. त्यांनी बोलायचे नाही, केवळ पाहायचे. रुग्णाशी पहिले वाक्य कसे बोलतात, मौन किती वेळ सोसायचे असते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

तिसरी विनंती माझ्यासारख्या सामान्य डॉक्टरांना. आपल्या शहरात कोणाकडे पाठवावे, त्यांची वेळ कोणती, शुल्क किती, कोणती भाषा बोलतात, याची एक यादी मंडळातील मुलांनी तयार केली आहे. ती दवाखान्यात ठेवा. तिच्या माथ्यावर १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य दूरध्वनी सेवेचा तो क्रमांक असून तेथे मराठीत आणि गुजरातीतही बोलता येते. बडोद्यातील कित्येक मराठी घरांत व्यवहार गुजरातीत होतो, पण दुःख आजही मराठीतच बोलले जाते, हे आपण जाणतोच.

चौथी विनंती सर्वच वाचकांना, विशेषतः आईवडिलांना. मुलगी मानसशास्त्र घेते म्हणाली, की ‘त्यात पुढे काय?’ हा प्रश्न आपल्या तोंडून आपसूक येतो. तो रास्त आहे. फक्त तो तिला एकटीला विचारू नका. तिच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे असे मंडळ आहे का ते पाहा. नसेल तर चार जणींनी मिळून ते सुरू करावे असे सुचवा आणि बसायला जागा द्या. कॅन्ससमध्ये दोघांनी सुरुवात केली होती. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र यांची विद्याशाखाच एक आहे. उद्याचा शिक्षक आणि उद्याचा मानसशास्त्रज्ञ एकाच जिन्याने चढतात, अशी सोय किती ठिकाणी असते?

पैसा यासाठी फारसा लागत नाही. माडीवरच्या मंडळाचा वार्षिक खर्च म्हणजे चहा, काही पुस्तके आणि पंख्याचे वीजबिल. लागतात ती दोन-चार वडीलधारी माणसे, जी वाद चालू असताना कोपऱ्यात बसतील, विचारल्यावाचून बोलणार नाहीत आणि वेळ आली तर फोन उचलतील. आपल्या मंडळाच्या सभासदांत अशी माणसे पुष्कळ आहेत. निवृत्तीनंतर हातांना काय काम द्यावे, अशी विचारणा ज्येष्ठ सभासदांकडून अधूनमधून होते. हे काम रिकामे पडले आहे.